स्टार्टरच्या दंतचक्राची निवड

मोटारीचे एंजिन हँडल मारून सुरू करण्याचे धोक्याचे काम विजेवर सोपविण्यात चार्ल्स केटरिंग यांना यश आले, ते १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत. मोटर क्षणभरच चालावयाची असल्याने लहान मोटरवरही मोठा भार टाकता येईल, हे त्यांनी ओळखले. तथापि खरी कसोटी दंतचक्रांची होती.

समजा, मोटरच्या चक्रास १० व फ्लायव्हीलच्या कड्यास १२० दाते आहेत. एंजिनास मिनिटाला १०० फेरे देण्यासाठी मोटर १,२०० फेरे घेईल व तिचे बळ बारापट होईल. परंतु एंजिन सुरू होऊन १,००० फेऱ्यांवर जाताच तेच दाते मोटरला १२,००० फेऱ्यांनी फिरवतील आणि तिची वेटोळी उखडून निघतील. प्रमाण जितके मोठे, तितकी वेळीच सुटका निकडीची.

केटरिंग यांनी यासाठी एकाच दिशेने बळ पोचविणारा क्लच योजिला. त्याच दशकात व्हिन्सेंट बेंडिक्स यांचे चक्र पुढे आले. ते आटे पाडलेल्या दांड्यावर बसविलेले असे. मोटर फिरू लागताच जडत्वामुळे ते मागे रेंगाळून आट्यांवरून सरके व कड्यात गुंते. एंजिनाचा वेग वाढताच उलट सरकून सुटे. म्हणून स्टार्टरचा इतिहास केवळ विजेच्या मोटरचा मानणे अपुरे ठरते.