रणभूमीचा समतोल

क्रिकेटच्या सामन्यांत पहिल्याच दिवशीं चेंडू हातभर वळूं लागला म्हणजे प्रेक्षक खेळाडूंना सोडून खेळपट्टी तयार करणाऱ्याला दोष देऊं लागतात. तरी तेथें दोन्ही पक्षांच्या हातीं बॅट आणि चेंडू सारखेच असतात. ज्या खेळांत दोन पक्षांचीं हत्यारेंच भिन्न, तेथें मैदान आंखणाऱ्यावर केवढा भार पडत असेल! दक्षिण कोरियांत सुमारें बारा वर्षें हा भार कांहीं थोड्या माणसांनीं वाहिला. त्यांचें मैदान संगणकाच्या पडद्यावरचें होतें. पण त्यावर खेळणाऱ्या तरुणांचा पगार, कीर्ति आणि उमेदीचीं वर्षें मात्र खरींखुरीं होतीं.

‘स्टारक्राफ्ट’ हा युद्धाचा खेळ अमेरिकेंतील ब्लिझर्ड कंपनीनें १९९८ च्या मार्चमध्यें बाजारांत आणला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘ब्रूड वॉर’ ही त्याची पुरवणी निघाली. त्यांत तीन जाती आहेत. टेरन म्हणजे यंत्रें व तोफा बाळगणारे मानव. झर्ग म्हणजे थोड्या खर्चांत झुंडीनें निपजणारे कीटकसदृश जीव. प्रोटॉस म्हणजे संख्येनें थोडे, पण एकेक गडी महाग आणि बलवान्. बुद्धिबळांतल्याप्रमाणें येथें आळीपाळीनें खेळावयाचें नसतें. दोघेही एकाच वेळीं खाणींतून द्रव्य काढतात, इमारती उभारतात, सैन्य वाढवितात; आणि शत्रूचा मुलूख अंधारांत असल्यामुळें त्याचा बेत हेर पाठवूनच कळतो. कोणती इमारत कोणत्या क्षणीं बांधावयाची याच्या ठरलेल्या क्रमाला खेळाडू ‘बिल्ड’ म्हणतात.

१९९७ च्या आर्थिक संकटानंतर कोरियांत ‘पीसी बांग’ नांवाचीं संगणकगृहें गल्लोगल्लीं निघालीं आणि तेथें हा खेळ फोफावला. २००० पासून खेळांनाच वाहिलेली दूरचित्रवाहिनी त्याचे सामने दाखवूं लागली. पुढें सॅमसंग, एसके टेलिकॉम, केटी अशा बड्या कंपन्यांनीं पगारी संघ बाळगले. इकडे मूळ कंपनीनें मात्र २००१ नंतर तिन्ही जातींच्या बळाबळांत हात घालण्याचें सोडून दिलें. कोणाची तोफ किती दूर मारते, कोणाचा शिपाई किती घाव सोसतो, हें सारें कायमचें ठरून गेलें. तराजूचीं पारडीं अशीं खिळून टाकल्यावर समतोल राखावयाचा तो फक्त जमिनीनें.

ही जमीन काय करूं शकते हें पाहण्यासारखें आहे. दुरून मारा करणाऱ्यानें उंचावरच्या शत्रूवर खालून नेम धरला तर त्याचे जवळजवळ निम्मे वार फुकट जातात, असा या खेळाचा नियम आहे. म्हणून तळाच्या दाराशीं एक चढण काढली कीं बचाव करणाऱ्याला आयती तटबंदी मिळते. खिंडी अरुंद ठेवल्या तर टेरनच्या लांब पल्ल्याच्या चार तोफा सारी वाट रोखतात. मैदान रुंद केलें तर त्याच तोफांना चहूंकडून वेढतां येतें. तिसऱ्या वसाहतीपाशीं वायूचा झरा असला तर झर्ग संपन्न होतो, कारण त्याचे उत्तम योद्धे वायूवांचून निपजत नाहींत; झरा काढून टाकला तर तोच दरिद्री होतो. फार काय, झरा मुख्य इमारतीच्या कोणत्या बाजूस आहे एवढ्यावरून तेथें तीन कामकरी पुरतात कीं चार लागतात, हें ठरतें.

आरंभींच्या काळांतील सर्वांत प्रसिद्ध नकाशा ‘लॉस्ट टेंपल’. त्यांतले चार तळ घड्याळाच्या बारा, दोन, सहा आणि आठ या आंकड्यांच्या जागीं होते, आणि त्या जागा एकमेकींसारख्या नव्हत्या. दुसऱ्या वसाहतीच्या माथ्यावर कडा होता. टेरन खेळाडू विमानानें तेथें तोफ उतरवी आणि खालच्या कामकऱ्यांना निवांतपणें टिपी. पुढें कोरियांतील वाहिन्यांनीं स्वतःचे नकाशाकार नेमले. ते दर मोसमाला नवे नकाशे काढीत, खेळाडूंकडून तपासून घेत, आणि तरीही चूक राहिली तर दुरुस्त आवृत्तीला ‘निओ’ हें उपपद लावून ती पुन्हा मैदानांत आणीत. कोणत्या नकाशावर कोणत्या जातीनें किती डाव जिंकले, याचा हिशेब सामन्यापूर्वीं पडद्यावर झळके. नकाशाकाराची परीक्षा अशी रोज चव्हाट्यावर होत होती.

ती नेहमींच उत्तीर्ण होण्याजोगी नव्हती. २००३ मध्यें ‘पॅराडॉक्स’ नांवाचा बेटांचा नकाशा लीगमध्यें आला. बेटांवर चालत जाण्याची वाट नसते. मग झर्गच्या स्वस्त झुंडींनीं करावें काय? प्रोटॉसपुढें ते तेथें अगदींच हतबल ठरले. त्यापूर्वीं २००१ मध्यें ‘रॅग्नारॉक’ या नकाशानें झर्गला टेरनपुढें असेंच दीन केलें होतें. त्याच मोसमाच्या अंतिम फेरींत टेरनच्या लिम यो-ह्वाननें झर्गच्या हाँग जिन-होला ३-२ असें हरविलें. लिम हा असामान्य कल्पक खेळाडू, हें निर्विवाद आहे. पण हाँगला दोन प्रमुख व्यक्तिगत लीगांपैकीं एकीचेंही अजिंक्यपद अखेरपर्यंत लाभलें नाहीं, आणि जमीन थोडी सरळ असती तर काय झालें असतें, हा प्रश्न त्याच्या चाहत्यांनीं कधीं सोडला नाहीं.

मग प्रत्येक नकाशा काटेकोर सममित करून टाकावा, हा उपाय सुचणें साहजिक आहे. तो वाटतो तितका निर्दोष मात्र नाहीं. एखादी जात हरते ती जमिनीमुळें कीं अजून कोणाला न सुचलेल्या बिल्डमुळें, हें आंकड्यांवरून सांगतां येत नाहीं. २००७ चा आरंभ याला उत्तम साक्ष आहे. त्या मोसमांतले ‘लाँगिनस’, ‘रिव्हर्स टेंपल’ हे नकाशे झर्गला टेरनविरुद्ध जड समजले जात. तरीही मा जे-युन या झर्ग खेळाडूनें फेब्रुवारीच्या अखेरीस टेरनच्या ली युन-योलला अंतिम फेरींत हरवून अजिंक्यपद मिळविलें. जमिनीवर माणसानें केलेली ही मात होती. प्रोटॉस तर झर्गचें हुकमी भक्ष्यच मानले जात; तेव्हां अवघ्या आठवड्यानें, ३ मार्चला, दुसऱ्या लीगच्या अंतिम फेरींत माच्या समोर किम टेक-यंग हा तरुण प्रोटॉस खेळाडू आला, त्या वेळीं निकालाविषयीं फारशी उत्सुकता नव्हती. किमनें तो सामना ३-० असा जिंकला.

त्याची रीत अशी: आरंभींच दुसऱ्या वसाहतीच्या तोंडाशीं थोड्या तोफा उभारून तें बंद करावयाचें आणि आंत संपत्ति वाढवावयाची. नंतर ‘कॉर्सेअर’ विमानांनीं झर्गचे ‘ओव्हरलॉर्ड’ पाडावयाचे. हे संथ उडणारे जीवच झर्गला अदृश्य शत्रु दाखवितात. त्यांची संख्या घटली कीं प्रोटॉसचे अदृश्य खड्गधारी मोकळे सुटतात. यांतले घटक जुनेच होते, जुळणी नवी होती. खेळाचें एकही कलम बदललें नव्हतें. तरीही प्रोटॉसांना झर्गशीं लढण्याची वाट सांपडली. प्रोटॉसांच्या आधींच्या पराभवांचे आंकडे पाहून एखाद्या दयाळू नकाशाकारानें त्यांना झुकतें माप दिलें असतें, तर ही जुळणी शोधण्याची निकड कोणाला भासली असती?

याची दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याकडे कौतुकाच्या भरांत दुर्लक्ष होतें. ही रीत चालावयाची तर दुसऱ्या वसाहतीचें तोंड अमुकच रुंदीचें हवें. तीं तोंडें मग सर्वत्र त्याच मापाचीं निघूं लागलीं. तिसरी वसाहत, तिचा झरा, मधलें मैदान, सर्वांचीं प्रमाणें ठरून गेलीं. ‘फायटिंग स्पिरिट’ हा चार तळांचा नकाशा या प्रमाणबद्धतेचा नमुना होय. त्यावर कोणाला तक्रारीला फारशी जागा नव्हती, म्हणूनच तो वर्षानुवर्षें टिकला. पण पहिल्या पांच मिनिटांत काय होणार हें त्यावर जाणत्या प्रेक्षकाला बहुधा आधींच सांगतां येई. लिमनें २००४ च्या उपांत्य फेरींत याच हाँगविरुद्ध तिन्ही डाव आरंभींच्याच छाप्यानें संपविले होते. तसल्या साहसाला लागणारी जमीन या काळांत उत्तरोत्तर दुर्मिळ होत गेली.

२०१२ मध्यें ब्रूड वॉरच्या जुन्या मोठ्या लीगा बंद पडल्या. २०१६ मध्यें ‘एएसएल’ ही लीग सुरू झाली, तेव्हां तिच्या चालकांपुढें जुनीच अडचण उभी राहिली. त्यांनीं विश्वासू नकाशांच्या सोबतीला एखाददुसरा विचित्र नकाशा ठेवण्याचा प्रघात पाडला, आणि दर मोसमाला त्या विचित्र नकाशाविषयीं कोणत्या ना कोणत्या जातीचे खेळाडू कुरकुर करीत आले.