दोन तबकड्या आणि एक हेडफोन

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. ‘सर, पत्रिकेत छापण्याची चूक झालीय का? तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि डीजे?’ चूक झालेली नाही. आपल्याकडे डीजे म्हटलं की मिरवणुकीतल्या गाडीवर रचलेली स्पीकरची भिंत डोळ्यांसमोर येते आणि छाती धडधडायला लागते. म्हणजे आपण हा शब्द यंत्राला लावतो. मुळात तो माणसाचा शब्द आहे: डिस्क जॉकी, तबकड्या वाजवणारा माणूस. आज मला या माणसाबद्दल बोलायचंय.

त्याला कारण घरातलं आहे. माझा नातू बावीस वर्षांचा आहे आणि त्याला क्लबमध्ये वाजवायचंय. त्याने यंत्रांची यादी करून आणली. बेरीज केली तर माझ्या चार महिन्यांच्या पेन्शनएवढी रक्कम झाली. त्याचे वडील म्हणाले, हा पोरखेळ आहे, एक पैसा मिळणार नाही. दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलेना. मग दोघांनी मला पंच नेमलं. मी म्हटलं, मला महिनाभर द्या. ज्यांनी हे काम सुरू केलं त्यांनी काय सामान घेऊन सुरू केलं, ते आधी वाचतो. त्या वाचनातून जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात न्यूयॉर्कपासून करावी लागते. साल १९७० च्या आसपासचं. मॅनहॅटनमध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत सँक्च्युअरी नावाचा क्लब होता आणि तिथे फ्रान्सिस ग्रासो नावाचा तरुण रेकॉर्ड वाजवायचा. तोवर रेकॉर्ड वाजवणाऱ्याचं काम सोपं होतं. एक गाणं संपलं की दुसरं लावायचं, मधे नाचणारे थांबले तरी चालायचं. ग्रासोने ते थांबणं बंद केलं. पहिली रेकॉर्ड वाजत असताना तो दुसरी हेडफोनवर ऐकायचा. खालची थाळी फिरत ठेवून रेकॉर्ड बोटाने धरून ठेवायची आणि ठेका जुळला की सोडून द्यायची. दोन गाण्यांची लय एकात एक मिसळायची आणि लोक नाचत राहायचे.

आता यात नवीन यंत्र कोणतं? कोणतंच नाही. टर्नटेबल होतं, हेडफोन होता. नवीन होती ती ऐकण्याची रीत. एक कान समोरच्या गाण्यावर, दुसरा कान अजून कोणी न ऐकलेल्या पुढच्या गाण्यावर. माझ्या मते डीजेपणाचं बीज इथे आहे. बाकीचा इतिहास हा या एका रीतीला सोयीचं सामान मिळत गेल्याचा इतिहास आहे.

सामान कसं मिळालं तेही बघा. अ‍ॅलेक्स रोझनर हे ध्वनी-अभियंते लहानपणी नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले. त्यांनी १९७१ च्या सुमारास हेवन या क्लबसाठी एक मिक्सर हाताने बनवला. तो लाल रंगाचा होता म्हणून त्याचं नाव पडलं रोझी. त्यानंतर रुडी बोझॅक यांच्या कंपनीने क्लबसाठी मिक्सर बाजारात आणला, त्यामागेही रोझनर यांच्या सूचना होत्या. आधी वाजवणाऱ्याची अडचण, मग अभियंत्याचा सोल्डर आणि शेवटी कारखाना, असा तो क्रम आहे.

दुसरं यंत्र टर्नटेबल. जुन्या बऱ्याच टर्नटेबलांत मोटर रबरी पट्ट्याने थाळी फिरवायची. हाताने रेकॉर्ड मागे-पुढे केली की पट्टा घसरायचा आणि थाळीला वेग घ्यायला वेळ लागायचा. जपानमध्ये मात्सुशिता कंपनीत शुइची ओबाता आणि त्यांचे सहकारी पट्टा काढून थाळी सरळ मोटरवरच बसवण्याच्या मागे होते. असं पहिलं टर्नटेबल १९७० मध्ये विक्रीला आलं आणि १९७२ मध्ये टेक्निक्स एसएल-१२०० आलं. गंमत अशी की ते दिवाणखान्यात शांत बसून संगीत ऐकणाऱ्यांसाठी होतं. क्लबवाल्यांनी ते उचललं, कारण ते लगेच वेग घ्यायचं आणि हाताचा जाच सोसायचं. १९७९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी होती, आठ टक्के वर आणि आठ टक्के खाली. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं त्यामुळे साधारण ११० पासून १२९ पर्यंत कुठेही नेता येतं. २०१० मध्ये कंपनीने ते बनवणं बंद केलं आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू केलं.

आता त्याच शहराच्या गरीब भागात जाऊ. ब्रॉन्क्स. ११ ऑगस्ट १९७३. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. म्हणून तिने १५२० सेज्विक अ‍ॅव्हेन्यू या आपल्या इमारतीतल्या सामाईक खोलीत पार्टी ठेवली. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, जमैकातून आलेला, पुढे कूल हर्क या नावाने प्रसिद्ध झालेला. स्पीकर वडिलांचे. हर्कने एक गोष्ट पाहिली होती. गाण्यात गायक थांबतो आणि नुसता ताल उरतो, त्या काही सेकंदांसाठी नाचणारे वाट बघत असतात. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेतल्या. एकीवर तो तुकडा संपला की दुसरीवर तोच लावायचा. हिप-हॉपचा जन्म या पार्टीशी जोडला जातो. त्याने हे यंत्राच्या माहितीपुस्तिकेत वाचलं नव्हतं. तो लोकांच्या पायांकडे बघत होता.

त्याच भागातला जोसेफ सॅडलर, म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅश, व्यावसायिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. हातातल्या मिक्सरवर पुढची रेकॉर्ड आधी ऐकायची सोय नव्हती, तेव्हा त्याने एक बटण आणून स्वतः जोडलं. थाळीवर रेकॉर्ड घसरती राहावी म्हणून फेल्टच्या कापडाला स्टार्च लावून चकत्या केल्या. रेकॉर्डवर मेणखडूने खुणा केल्या, म्हणजे किती फेरे मागे आणायचं ते डोळ्यांना दिसावं. आज दुकानात या प्रत्येक गोष्टीची तयार वस्तू मिळते.

आपल्या शेजारचं उदाहरणही घेऊ. गोव्यात, हणजूणच्या किनाऱ्यावर, ऐंशीच्या दशकात परदेशी तरुण रात्र-रात्र नाचायचे. तिथे रेकॉर्ड चालेनात. उन्हाने त्या वाकायच्या, शिवाय वाळू आणि धूळ. म्हणून गोवा गिल यांच्यासारखे वाजवणारे कॅसेट आणि पुढे डॅट नावाची डिजिटल टेप वापरू लागले. टेपवर लय जुळवणं कठीण. मग गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी ठेका नसलेला, नुसत्या स्वरांचा लांब भाग आला, कारण एकातून दुसऱ्यात तिथेच शिरता येत होतं. गोवा ट्रान्स या शैलीच्या घडणीत या अडचणीचा वाटा आहे.

अ‍ॅरिस्टॉटलने म्हटलंय की माणूस घरं बांधून गवंडी होतो आणि वीणा वाजवून वीणावादक होतो. आधी कौशल्य आणि मग कृती, असा क्रम नसतोच. मी हे चाळीस वर्षं वर्गात शिकवलं. या तरुणांची चरित्रं वाचताना ते मला नव्याने कळलं. अडचण तर माझ्या नातवालाही येणार आहे. ती कुठली असावी, हे मात्र सामान निवडताना ठरवता येतं.

म्हणून आता सामानाकडे येतो. क्लबमध्ये आज बहुधा त्यांचेच प्लेयर आणि मिक्सर असतात. पायोनियरच्या सीडीजे-१००० या २००१ च्या यंत्रानंतर सीडीलाही रेकॉर्डसारखं हाताने फिरवता येऊ लागलं, आणि आता वाजवणारा खिशात पेन ड्राइव्ह आणि गळ्यात हेडफोन घेऊन येतो. मग घरी तेच महागडं यंत्र कशाला हवं? दोन चॅनेलचा साधा कंट्रोलर पुरतो. तो लॅपटॉपला जोडायचा. फक्त एक गोष्ट तपासून घ्यायची: आवाज बाहेर जायच्या वाटा दोन आहेत ना? एक स्पीकरकडे आणि दुसरी वेगळी, हेडफोनकडे. ही दुसरी वाट नसेल तर पुढचं गाणं आधी ऐकता येत नाही. म्हणजे ग्रासोने जे सुरू केलं तेच हातातून गेलं. बाकी दिवे आणि चमकणारी बटणं नसली तरी चालेल.

लय आपोआप जुळवणारं बटण आता सगळ्यांत असतं. त्यावर राग धरू नये. पण ते लय जुळवतं, सम जुळवत नाही. नाचाच्या संगीतात बहुधा बत्तीस ठोक्यांचा एक टप्पा असतो, आपल्या त्रितालाची दोन आवर्तनं म्हणा ना. नव्या गाण्याचा टप्पा जुन्याच्या टप्प्यावर बसला नाही तर लय बरोबर असूनही नाचणारा अडखळतो. हे मोजायला कानच लागतो.

आणि कानांबद्दल एक. मला गेली पाच वर्षं श्रवणयंत्र आहे, म्हणून कळकळीने सांगतो. कामाच्या जागी ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा मानतात. वर दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. वाजवणारा क्लबमध्ये चार-चार तास उभा असतो. यादीत कानात घालायचे बोळे नव्हते, ते मी सर्वांत वर लिहिले.

राहिला प्रश्न क्लबात शिरायचा. न्यूयॉर्कच्या पॅराडाइज गॅराजमुळे नाव झालेला लॅरी लेव्हन आणि शिकागोचा फ्रँकी नकल्स हे दोघे मित्र. निकी सियानोच्या गॅलरी या क्लबमध्ये ते सजावटीची, पडेल ती कामं करायचे. लेव्हन दुसऱ्या एका ठिकाणी दिवे सांभाळायचा आणि तिथेच वाजवणारा सोडून गेला तेव्हा त्याला जागा मिळाली. पुढे शिकागोच्या वेअरहाउस क्लबसाठी आधी त्यालाच विचारलं होतं, तो नाही म्हणाला म्हणून १९७७ मध्ये नकल्स गेला. हाउस या शैलीचं नाव त्या क्लबवरून आलं असं मानतात. दोघंही यंत्र विकत घेऊन दारात उभे राहिले नव्हते. आधी त्या खोलीत वावरले, लोक कधी येतात, कधी दमतात, कशाने परत उठतात, ते पाहिलं. आजही नव्या मुलाला बहुधा पहिला तास मिळतो, जेव्हा जमिनीवर कोणी नसतं. त्या तासात सर्वांत गाजलेली गाणी वाजवून टाकली तर पुढच्याची पंचाईत होते. लोकांना हळूहळू आत घेणं ही पहिल्या तासाची विद्या. आपल्या मैफलीत रात्रीचा पहिला गायक भैरवी घेत नाही, तसंच.

तर पंचाचा निकाल असा लागला. जुना वापरलेला कंट्रोलर, कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणि बोळे. बाकीचे पैसे बँकेत. आणि सहा महिने शनिवारी एखाद्या क्लबमध्ये पडेल ते काम. नातू थोडा हिरमुसला. मुलगा म्हणाला, म्हणजे तुम्ही त्याच्याच बाजूने निकाल दिलात की. सध्या नातू एका ओळखीच्या कॅफेत संध्याकाळी सहा ते आठ वाजवतो. मागच्या आठवड्यात मी जाऊन बसलो होतो. टेबलं सात-आठ, नाचणारं कोणी नाही. पण एका गाण्यातून दुसऱ्यात तो केव्हा गेला ते मला कळलं नाही, आणि ते श्रवणयंत्रामुळे नसावं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा पाय थांबला नव्हता. मुलगाही सोबत होता. त्याने दुसरी कॉफी मागवली.

आता तुमचे प्रश्न घेऊ.