हेबच्या घरचे उंदीर

न्यूरल नेटवर्कशी खटपट करणाऱ्या आम्हा मंडळींना डोनाल्ड हेब माहीत असतो तो त्याच्या नियमामुळे. एकत्र चेतणाऱ्या मज्जापेशींमधला दुवा पक्का होत जातो, हा तो नियम, १९४९ च्या पुस्तकातला. त्याच पुस्तकात उंदरांची एक गोष्ट आहे, ती मात्र मला गेल्या शनिवारी कळली.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या या प्राध्यापकाने प्रयोगशाळेतले काही उंदीर चक्क घरी नेले. मुलींनी ते पाळले. (आपल्याकडे उंदीर घरात शिरला की पिंजरा लावतात, इथे सगळं उलटंच!) पुढे चक्रव्यूहाच्या चाचण्यांत हे घरचे उंदीर पिंजऱ्यात वाढलेल्यांपेक्षा हुशार निघाले.

१९६० च्या दशकात बर्कलीला रोझेनझ्वाइग, क्रेच, बेनेट आणि मेरियन डायमंड यांनी हेच काम पद्धतशीर केलं. काही उंदीर मोठ्या पिंजऱ्यात, सोबत्यांबरोबर, बदलती खेळणी देऊन ठेवले. काही एकेकटे, रिकाम्या पिंजऱ्यात. ८० दिवसांनी मेंदू तपासले. १९६४ च्या शोधनिबंधात डायमंडबाईंनी दाखवलं, की पहिल्या गटाच्या मेंदूचा बाह्यस्तर जास्त जाड होता. अनुभवाने मेंदूची रचना बदलते, हे तेव्हा अनेकांच्या पचनी पडलं नाही.

मला खरी मेख नंतर जाणवली. प्रयोगशाळांमधला नेहमीचा पिंजरा त्या रिकाम्या पिंजऱ्याच्याच जवळचा. म्हणजे आमच्या भाषेत बेसलाइनच गंडलेली! आणि त्यावर औषधांच्या चाचण्या?

मग पिंजरे का नाही बदलले? तर म्हणे खेळणी दिली की प्रत्येक उंदीर वेगळा वागेल, आकडे विस्कटतील. डेव्हलपर 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणतो ना, तसलाच प्रकार. २००४ मध्ये 'नेचर'मध्ये तीन प्रयोगशाळांतल्या छोट्या उंदरांवरचा, म्हणजे माऊसवरचा अभ्यास आला: समृद्ध पिंजऱ्यांमुळे आकडे विस्कटत नाहीत. २०१० च्या युरोपीय निर्देशाने तर अशी सोय बंधनकारकच केली.

आणि सोय म्हणजे काय, तर घरट्यासाठी कागदाच्या पट्ट्या, लपायला नळकांडं, कुरतडायला लाकूड. या छोट्या उंदरांना साधारण ३० अंशांची ऊब लागते. प्रयोगशाळा असते २०-२४ अंशांवर, माणसांच्या सोयीची. मूठभर कागद मिळाला की ते त्याचं घरटं करून आत शिरतात.

असो. बर्कलीच्या त्या खेळणीवाल्या उंदरांचे मेंदू मोजायचे, तर ८० व्या दिवशी त्यांनाही मारावंच लागलं.