हबशी

परवा नववीच्या वर्गात फळ्यावर लिहीत होतो, तर मागून आवाज आला, "ए हबशी!" सगळा वर्ग हसला. वळून पाहिलं तर एक सावळा मुलगा वहीत डोकं खुपसून बसलेला.

ओरडणार होतो, पण जीभ अडखळली. लहानपणी रेवस बंदरावर खेळताना हाच शब्द मी एका सवंगड्याला वापरला होता. तो पुन्हा आमच्यात खेळायला आला नाही...

दुसऱ्या दिवशी धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर तोच शब्द लिहिला. हबश म्हणजे अ‍ॅबिसिनिया, आजच्या इथिओपियाकडचा मुलूख. तिकडून गुलाम म्हणून विकली गेलेली कितीतरी माणसं दख्खनेत आली. त्यातलाच मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, मोगलांशी गनिमी काव्यानं लढला. १६१० साली त्यानं खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. आपल्याच किनाऱ्यावर खाली मुरूडला सिद्दींचा जंजिरा. १६८२ साली संभाजीराजांनी वेढा घातला, तरी तो पडला नाही. सिद्दींच्या मुलखाला 'हबसाण' म्हणत. ते संस्थान १९४८ साली विलीन झालं. सिद्दींच्या स्वाऱ्यांत कोकणातली गावं होरपळली, हेही सांगितलं. लपवायचं कशाला?

मुलं रंगून ऐकत होती. मी मनात खूश! तास संपताना तो मुलगा उभा राहिला. "सर, मलिक अंबर मोठा होता. पण हे मला त्याच्यासाठी हसत नाहीत, रंगासाठी हसतात."

खरंच की! शब्दाचा इतिहास सांगितला, हसणाऱ्यांचा राहूनच गेला.

अमेरिकेत जेन एलियट नावाच्या शिक्षिकेनं, मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी, ५ एप्रिल १९६८ला, तिसरीच्या मुलांची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली. एका रंगाला मान, दुसऱ्याला हिणवणं, आणि पुढच्या वेळी उलट. भेदभाव कसा बोचतो ते मुलांना कळलं. पण मुद्दाम कुणाला रडवायचं माझ्या जिवावर आलं.

मी साधं केलं. प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली, नाव न घालता लिहायची. एका बाजूला, तुम्हाला कुणी चिडवलं तो शब्द. दुसऱ्या बाजूला, तुम्ही कुणाला चिडवलंत तो.

पहिली बाजू एकाचीही कोरी नव्हती. काळ्या, जाड्या, चकण्या, शिवाय जातीवरून, आईच्या कामावरून. दुसरी बाजू मात्र बहुतेकांची कोरी!

मग मी माझी चिठ्ठी काढली आणि दुसरी बाजू मोठ्यानं वाचली. 'हबशी. रेवस बंदर.' वर्गात चिडीचूप. थोड्या वेळानं मागच्या बाकावरून एक हात वर आला, "सर, माझी चिठ्ठी परत द्या ना. एक लिहायचं राहिलंय."

चिडवणं थांबलं का? पूर्ण नाही. असो. तुमच्या चिठ्ठीच्या दुसऱ्या बाजूला काय आहे?