ओकचं टेबल

ओक हे फक्त आडनाव असतं, असा माझा चाळिशी उलटेपर्यंत समज होता. त्यामुळे आमच्या शाखाधिकाऱ्यांनी एके दिवशी ‘तारणातलं ओकचं टेबल बघून या’ असं फर्मावलं, तेव्हा मी निरागसपणे विचारलं, “ओक जामीनदार आहेत का, साहेब?”

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. ओक नावाचं एक विलायती लाकूड असतं, हे आम्हांला बी.कॉम.ला शिकवलं नव्हतं. त्यातून मी नांदगाव पेठचा. मेळघाटचा सागवान आणि धुऱ्यावरची बाभूळ, यापलीकडे माझी लाकडाची विद्या जात नाही. म्हणून गावचे म्हातारे सुतार, काकाजी, यांना सोबत घेतलं.

टेबल कसलं, खोलीतली दुसरी खोलीच ती! बिलियर्डचं टेबल. 12 फूट लांब, 6 फूट रुंद, आणि कोरीव पाय आठ. म्हणजे हत्तीच्या दुप्पट. काकाजींनी पायांवरून हात फिरवला, टिचकी मारली, वाकून खालून पाहिलं आणि म्हणाले, “भाऊ, लाकूड त निस्ता पोशाख हाय. जीव दगडात हाय.”

मला वाटलं, म्हातारबुवा थकले. पण नंतर पुस्तकं चाळली, तर काकाजी शंभर टक्के बरोबर! पूर्वी या टेबलाची पाठ लाकडाचीच असे. हवा बदलली की फळी वाकायची, मग चेंडू खेळणाऱ्याचं न ऐकता फळीचं ऐकायचा. 1826 साली लंडनच्या जॉन थर्स्टनने फळीऐवजी दगड बसवला. दगड कोणता? तर पाटीचा! ज्याच्यावर आपण ‘ग गणपतीचा’ गिरवला, तोच. मोठ्या टेबलाला अशा पाच लाद्या. वजन टनाच्या वर, म्हणून आठ पाय. लाद्यांचे सांधे खुंट्यांनी जुळवायचे, बुजवून घासायचे, पाणसळ लावायची आणि त्यावर हिरवं लोकरी कापड ताणायचं. सगळी कारागिरी कापडाखाली झाकलेली!

1835 साली थर्स्टनने कडांना रबर लावलं. ते विलायतेच्या थंडीत कडक होई, म्हणून गरम पाण्याच्या भांड्यांनी शेकावं लागे. अमरावतीच्या मे महिन्यात आणलं असतं, तर हा खर्च वाचला असता. दहाएक वर्षांनी गंधक घालून पक्कं केलेलं रबर आलं आणि शेकशेगडी थांबली.

साहेबांबरोबर हे टेबल हिंदुस्थानात आलं. आपल्या सातपुड्यापलीकडच्या जबलपूरला, 1875 साली, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने जास्तीचे रंगीत चेंडू मांडले आणि स्नूकर जन्मला. अशा क्लबांत आपला माणूस बहुधा एकच, गुण मोजणारा मार्कर. कापड झाडायचं त्यानं, जिंकायचं साहेबानं. साहेब गेले, टेबलं राहिली. 1958 साली, कलकत्त्यात, पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स बिलियर्डचे हौशी जगज्जेते झाले. कुठल्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. 1964 साली पुन्हा जिंकून त्यांनी खात्री पटवली.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी काकाजींनी नातवाची गोटी खिशातून काढून मधोमध ठेवली. गोटी हलली नाही. काकाजी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टेबलाभोवती प्रदक्षिणा घातली.

“काय शोधता, काकाजी?”

“सुताराचं नाव.”

नाव होतं. पितळी पट्टीवर, कंपनीचं.

काकाजी हसले. नांदगावातल्या निम्म्या घरांच्या चौकटी त्यांच्या हातच्या. एकीवरही त्यांचं नाव नाही. घरमालकाचं मात्र प्रत्येकीवर आहे, तेही त्यांनीच कोरलेलं.

अहवालात मी लिहिलं: ‘टेबल, जुने, नग 1. सपाटी निर्दोष. कारागीर: अज्ञात.’ साहेबांनी शेवटचे दोन शब्द लाल शाईने खोडले आणि म्हणाले, “अज्ञात माणसांच्या नोंदी आपण ठेवत नाही.”

बरोबर आहे. गेली वीस वर्षं रोज संध्याकाळी खतावणीचा मेळ मी पैशापैशाने जुळवतो. तिच्यावरही नाव बँकेचंच असतं.