शके १५४९ की १५५१?

आमच्या कामात 'कॅश' म्हणजे पैसा नव्हे! मूळ माहिती एका जागी असते आणि पटकन हाती यावी म्हणून तिच्या प्रती पाच-दहा सर्व्हरवर ठेवलेल्या असतात. मूळ माहिती सुधारली, पण एखादी प्रत जुनीच राहिली, की एकाच प्रश्नाला दोन उत्तरे येऊ लागतात. हा घोळ निस्तरताना मला नेहमी शिवजन्माच्या तारखेचा वाद आठवतो. कोल्हापूरकराला तो शिकवावा लागत नाही. १९ फेब्रुवारीला एक शिवजयंती, फाल्गुन वद्य तृतीयेला दुसरी आणि अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी पेठांतली पारंपरिक तिसरी.

जुनी तिथी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे १६२७. मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीत ती आहे, पण ही बखर महाराजांनंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी लिहिलेली. ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासातही १६२७ च आहे. तिथून ते साल शाळेच्या पुस्तकांत गेले आणि आमच्या आजोबांच्या पिढीने तेच पाठ केले. गंमत अशी, की इतकी पुस्तके एकच साल सांगतात म्हटल्यावर ते खरेच असणार असे वाटते. पण दहा प्रती एकाच जुन्या प्रतीवरून उतरवलेल्या असतील, तर ती दहा मते नव्हेत, एकच मत दहा वेळा मोजलेले!

बखरींचे आपसातही जुळत नाही, हा मुद्दा टिळकांनी १९०० साली 'केसरी'त मांडला होता. पुढे भोरजवळच्या कारीच्या जेधे घराण्यातली शकावली त्यांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये ती छापली गेली. कान्होजी जेधे महाराजांचे सोबती, त्यांच्या घरातली ही टिपणे. तीत नोंद अशी: शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, शिवनेरी. इथे माझ्यातला प्रोग्रॅमर खूश होतो, कारण या नोंदीची तपासणी नोंदीतच आहे. शके १५५१ ला शुक्ल संवत्सरच येते. त्या तिथीला इंग्रजांची तेव्हाची तारीख १९ फेब्रुवारी १६३० येते, आणि गणित केले तर वार निघतो शुक्रवार. कुणी मागाहून मनाने तारीख रचली असती, तर हे सगळे एकत्र जुळणे अवघड होते.

(जाता जाता: आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तो दिवस १ मार्च पडतो. चौथी जयंती सुरू करायला कुणाला निमित्त हवे असेल तर घ्या!)

त्यानंतर तंजावरला परमानंदाचे 'शिवभारत' सापडले, स. म. दिवेकरांनी ते १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. महाराजांच्या हयातीतला हा संस्कृत ग्रंथ, तिथी तीच देतो. जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहातल्या कुंडलीतही तीच तिथी निघाली. भोर, तंजावर, जोधपूर! एकाने दुसऱ्याची नक्कल केली असण्याची शक्यता फारच कमी. माझ्या मते वाद तिथेच संपला.

पण सगळ्या प्रती थोड्याच एकदम बदलतात? १९६६ मध्ये राज्य सरकारने इतिहासकारांची समिती नेमली. दत्तो वामन पोतदार, ग. ह. खरे, न. र. फाटक यांच्याबरोबर तीत आपल्या शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवारही होते. त्यांच्यात एकमत झाले नाही, आणि सरकारी जयंती १९ फेब्रुवारीवर यायला त्यानंतरही तीसेक वर्षे गेली.

घरी यावरून वाद होतात. काकांना तारीख पटते, पण वैशाखातली मिरवणूक सोडवत नाही. मला त्यात विसंगती वाटत नाही. जन्म कधी झाला हा प्रश्न कागदपत्रांचा, आणि पेठेने मिरवणूक कधी काढायची हा पेठेचा. बेळगावातही चित्ररथांची मोठी मिरवणूक याच जुन्या तिथीच्या शिवजयंतीला निघते, आणि काका दर वर्षी आधी महिनाभर तिचे बेत करत असतात.