कामाच्या ठिकाणची प्रथमोपचार पेटी : काय असावे, कोणी सांभाळावी?

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात उकवा येथे ‘मॉयल’ या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची भूमिगत मँगनीज खाण आहे. कंपनीचे मुख्यालय नागपूरला, तर खाणीचा परिसर डोंगराळ व वनाच्छादित. जिल्हा रुग्णालय बालाघाट शहरात आहे. अशा ठिकाणी जखमी कामगार डॉक्टरांपर्यंत पोहोचेतो त्याचा जीव जवळच्या प्रथमोपचार पेटीवर आणि ती हाताळणाऱ्यावर अवलंबून असतो. गोव्यातील सांगे, डिचोली, सत्तरीच्या खाणपट्ट्यालाही हे लागू पडते.

कायदा काय सांगतो?

खाण कायदा, १९५२ च्या कलम २१ नुसार पेट्या कामाच्या सर्व वेळेत सहज हाती लागतील अशा ठेवणे बंधनकारक होते. प्रत्येक पेटी प्रशिक्षित, जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असणे आणि ती व्यक्ती कामाच्या वेळेत उपलब्ध असणे आवश्यक होते. दीडशेहून अधिक कामगार असल्यास प्रथमोपचार कक्षही आवश्यक होता. कारखाने कायदा, १९४८ च्या कलम ४५ नुसार दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी आवश्यक होती. पाचशेहून अधिक कामगार असल्यास रुग्णवाहिका कक्ष आवश्यक होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हे दोन्ही कायदे धरून १३ कायदे एकत्र करण्यात आले. प्रथमोपचाराची तरतूद तीतही आहे.

पेटीत काय असावे?

- लहान, मध्यम व मोठ्या आकाराच्या निर्जंतुक मलमपट्ट्या
- भाजल्यावर लावायच्या पट्ट्या
- गुंडाळी व त्रिकोणी बँडेज, कापूस, चिकटपट्टी
- कात्री, सेफ्टी पिना, हातमोजे
- अस्थिभंगासाठी आधारपट्ट्या

विहित यादीबाहेरची वस्तू पेटीत ठेवू नये, असा या कायद्यांचा दंडक होता. पेटीत चाव्या नि पावत्या साठू लागल्या की ऐन वेळी पट्टी सापडत नाही.

सर्पदंश : जुनी यादी घातक

कारखान्यांच्या जुन्या नियमांतील याद्यांत सर्पदंशासाठी छोटे पाते व पोटॅशियम परमँगनेट असे. आज वैद्यकशास्त्राने ही पद्धत पूर्णपणे नाकारली आहे. दंशाची जागा कापू नये, विष चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये. रुग्णाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे. सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारच्या २०२४ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात आहे.

देखभाल कशी करावी?

पेटी भरणे सोपे. ती भरलेली राखणे कठीण. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक वापरानंतर तपासणी करावी. वापरलेली वस्तू त्याच दिवशी भरून काढावी. मुदत संपलेले साहित्य, फाटलेली वेष्टने बाद करावीत. भूमिगत खाणीतील ओल आणि कोकणपट्टीतील पावसाळा चिकटपट्टी व कापूस लवकर खराब करतात. म्हणून पेटी धूळ व ओल न शिरणारी असावी. पेटीला कुलूप लावल्यास किल्ली प्रत्येक पाळीत उपलब्ध असावी. तपासणीची तारीख, वापराची नोंद, प्रशिक्षित व्यक्तीचे नाव आणि १०८ हा क्रमांक झाकणावर ठळक असावा.

रात्रपाळीला प्रशिक्षित माणूस नसेल, तर भरलेली पेटीही निरुपयोगी ठरते. पाळ्यांचे वेळापत्रक ठरवतानाच ही जबाबदारी नेमून द्यावी.